भिंतीला लावलेली लाल टिकली

माझं काम एका वाक्यात सांगायचं तर रंगाला हो किंवा नाही म्हणायचं. नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात विजेच्या पॅनेलचे पत्र्याचे डबे रंगतात. पत्रा धुऊन येतो, त्यावर कोरडी पावडर उडवतात, मग तो भट्टीतून जातो आणि गार झाला की माझ्या टेबलावर येतो. मी तो उजेडात तिरका धरते, बोट फिरवते. नमुन्याच्या पट्टीवर ब्लेडनं बारीक जाळी मारते, वर टेप चिकटवते आणि खसकन ओढते. टेपला रंगाचा कण जरी लागला तरी अख्ख्या मालावर लाल स्टिकर. तेवीस वर्षं हेच करतेय. माझ्या लाल स्टिकरसमोर मॅनेजरसुद्धा आवाज चढवत नाहीत, हे मी जरा मिरवूनच सांगते.

घरात मात्र या तेवीस वर्षांत स्वयंपाकघर चार वेळा रंगलं आणि चारही वेळा मला कुणी विचारलं नाही. दसरा जवळ आला की नवरा पेंटरला फोन करायचा, सासूबाई म्हणायच्या, मागचाच मारा. मी कंपनीच्या बसमधून पाथर्डी फाट्याला उतरून घरी येईपर्यंत भिंतींवर तोच पिस्ता रंगाचा ऑइलपेंट चकाकत असायचा. शेजारच्या बाईंनी एकदा सासूबाईंना विचारलं होतं, सून कंपनीत नेमकं काय करते? त्यांनी सांगितलं, डबे बघते. खोटं काहीच नव्हतं त्यात, पण मला ते लागलं होतं.

मला तो ऑइलपेंट मुळीच आवडायचा नाही. चकाकणाऱ्या रंगात भिंतीचं काहीच झाकलं जात नाही. आमच्या गवंड्यानं प्लास्टर घाईत ओढलेलं, त्याचा एकेक फुगवटा ट्यूबलाइटच्या उजेडात उठून दिसायचा. कुकरची शिट्टी झाली की भिंतीला घाम सुटायचा. ओट्याशी उभं राहिलं की समोरच्या भिंतीत ट्यूबलाइट डोळ्यांवर यायची. दिवसभर कंपनीत चकाकी मोजून आलेल्या बाईला घरी पुन्हा चकाकी नको वाटते, हेही एक कारण होतंच.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं आणि त्यांच्या जागी बरोबर होतं. त्यांचं माहेर वणीजवळचं, सासर दिंडोरीकडचं, आणि दोन्हीकडं मातीच्या भिंती. दर सणाला पांढऱ्या मातीनं भिंती पोताराव्या लागत, आणि भिंतीला पाठ टेकली की पाठ पांढरी. नाशिकला हे घर झालं तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराला हट्टानं ऑइलपेंट लावून घेतला होता. फडकं फिरवलं की लख्ख. त्या चकाकीत त्यांना आपण कुठून कुठं आलो ते दिसायचं, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या वर्षी मी आधीच सांगून टाकलं. या वेळी रंग मी ठरवणार, आणि दसऱ्याच्या दमट हवेत न देता होळी झाली की लगेच द्यायचा, भिंती कोरड्या असतात तेव्हा. रंग धुता येणारा असेल, पण मॅट. म्हणजे न चकाकणारा.

"मठ्ठ?" सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याला तेवढंच पुरलं. रंग ताकासारखा पांढरा घ्यायचा होता, त्यामुळं घरात तो रंग लागायच्या आधीच मठ्ठा झाला. जेवताना तो विचारायचा, मठ्ठ्यात कोथिंबीर घालायची का? मी चिडले की त्याला आणखी चेव यायचा. सासूबाई मात्र गमतीवर घ्यायला तयार नव्हत्या. पुन्हा मातीच्या घरासारखी भिंत करायची आणि वर ती धुता येते म्हणायचं, हे त्यांना पटेना. दोन दिवस अबोला धरून तिसऱ्या दिवशी त्यांनी निकाल दिला.

"आखाजीपत्तूर बघू. आखाजीचा सैपाक झाल्यावर भिंत धुऊन लख्ख झाली तर तुझं खरं. नाय झाली तर दसऱ्याला माझा ऑइलपेंट, आन मंग रंगाच्या बाबतीत तू तोंड उघडायचं नाय."

मी कबूल झाले. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडं त्या दिवशी लेक माहेरी येते आणि तळण, पुरण, सार असा सगळा स्वयंपाक एकाच सकाळी निघतो. भिंतीची परीक्षा घ्यायला याहून कठीण दिवस वर्षात नाही. रंगाच्या बाबतीत तोंड उघडायचं नाही, हे मात्र माझ्या डोक्यात रुतून बसलं. तोंड उघडण्याचाच तर मला पगार मिळतो.

दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदार सगळं नवऱ्याला सांगत होता. साहेब हा घ्या, साहेब हा चांगला जातो. साहेब माझ्याकडं बघत होते. मी पर्समधून छोटी बाटली काढली. त्यात घरून आणलेलं तेल होतं, हळद आणि तिखट घालून गरम केलेलं, म्हणजे फोडणीच. दुकानात निरनिराळ्या रंगांच्या नमुन्याच्या पाट्या टांगलेल्या होत्या. त्यातल्या तीन मी उतरवून घेतल्या, तिन्हींवर बोटभर फोडणी ओढली आणि दुकानदाराला म्हटलं, दहा मिनिटं थांबू, तोवर तुम्ही चहा घ्या. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

दहा मिनिटांनी साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून मी पुसायला लागले. पहिल्या पाटीवर पिवळा पट्टा जसाच्या तसा राहिला. दुसरीवरचा डाग गेला, पण पुसल्या जागी चकाकी आली, म्हणजे रंग घासला गेला होता. तिसरीवरचं तेल दुसऱ्या हातालाच निघालं. हळदीची पिवळट झाक तेवढी राहिली, ती तिसऱ्या हाताला इतकी फिकी झाली की दाखवून द्यावी लागली असती. मी पाटी तिरकी धरून बघितली, बोट फिरवलं आणि म्हटलं, हा द्या. दुकानदार आता मला मॅडम म्हणायला लागला होता.

पेंटरकाका सटाण्याकडचे, साठीचे. आमच्या गल्लीतली निम्मी घरं त्यांनीच रंगवलेली. चाळीस वर्षं ब्रश धरलेला माणूस, त्यामुळं सूचना ऐकायची सवय नाही. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं की जुना ऑइलपेंट पॉलिश पेपरनं घासून त्याची चकाकी मारा, त्याशिवाय वर पाण्याचा रंग धरणार नाही. ते म्हणाले, ताई, तुम्ही कामाला जा.

मी गेले. पहिली पाळी करून परत आले तेव्हा तिन्ही भिंतींवर प्रायमरचा हात बसला होता आणि काका व्हरांड्यात तंबाखू मळत होते. दुसऱ्या दिवशी प्रायमर वाळल्यावर मी कंपनीतली ब्लेड आणि टेप काढली. खिडकीच्या भिंतीवर जाळी मारली, टेप ओढली, स्वच्छ. ओट्यामागची भिंत, स्वच्छ. तिसरी भिंत मांडणीची. मांडणी परत लागल्यावर तिचा वरचा पट्टा तेवढा दिसणार होता. तिथं टेप ओढली आणि प्रायमर पापडासारखा उलगडून टेपबरोबर आला. खालून पिस्ता रंग हसत होता. काकांनी ती भिंत घासलीच नव्हती. तिथं कोण बघतंय, असं त्यांनी धरलं असणार.

आता मी जे केलं ते सवयीनं केलं. कंपनीत नापास मालाला लाल स्टिकर लावल्याशिवाय मी टेबल सोडत नाही. घरात लाल स्टिकर कुठून आणणार? कपाटातून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि त्यातली मोठी लाल टिकली भिंतीवर, त्या सोललेल्या चौकोनाच्या शेजारी, नीट चिकटवली.

काका आले, त्यांनी टिकली बघितली आणि विचारलं, भिंतीला टिकली कुणी लावली? मी सांगितलं, ही भिंत रिजेक्ट आहे. ते माझ्याकडं असं बघत राहिले, जसं काही मी त्यांचं गाव, घर, खानदान सगळं रिजेक्ट केलं होतं. मग ब्रश डब्यावर आडवा ठेवून बाहेर गेले. नवरा खालच्या आवाजात म्हणाला, घरात काय कंपनी चालवतेस? म्हाताऱ्या माणसाचा असा अपमान करतात का? सासूबाई दारात उभ्या होत्या. माझी बाजू घ्यायचा प्रश्नच नव्हता, पण त्या पुढं आल्या, बोटानं सोललेल्या जागेची कड उचलली आणि आणखी वीतभर प्रायमर सहज सोलून काढला. हातातला तो तुकडा त्या बराच वेळ बघत राहिल्या.

मला वाईट वाटलं का? वाटलं. काकांचा चेहरा डोळ्यांसमोरून जाईना. पण टिकली मी काढली नाही. नापास ते नापास, मग रंगवणारा साठ वर्षांचा असो नाही तर कालचा. मी साडी खोचली, पॉलिश पेपर घेतला आणि खालच्या बाजूनं भिंत घासायला बसले. अर्ध्या तासानं वरच्या बाजूला घासल्याचा आवाज यायला लागला. काका परत आले होते. आम्ही दोघांनी मिळून ती भिंत घासली, नाकातोंडात पिस्ता रंगाची पूड जाईपर्यंत. शेवटी त्यांनीच नखानं टिकली काढली आणि माझ्या हातात दिली.

चार दिवसांत रंग झाला. सकाळी उजेड आला तेव्हा मी एकटीच ओट्यापाशी उभी राहिले. भिंती शांत दिसत होत्या. फुगवटे कुठं होते ते मलाही सापडेना. समोर ट्यूबलाइट नाही, घाम नाही, नुसता ताकासारखा मऊ पांढरेपणा. तेवीस वर्षांत मी हजारो डबे पास केले असतील, पण पास केलेली वस्तू स्वतःच्या घरात बघायची ही पहिलीच वेळ. मी रडायच्या बेतात आले आणि त्याचा रागही आला, कारण दूध उतू जायला लागलं होतं.

इथवर मी शहाणी होते. पुढचा गाढवपणा माझ्या एकटीचा.

रंग झाल्यावर तिसऱ्या दिवशी कढईतलं तेल उडालं आणि भिंतीवर चार थेंब बसले. सासूबाईंनी मला हाक मारली. आता बघू, असा त्यांचा चेहरा. आखाजीपर्यंत कशाला थांबायचं, मी म्हटलं, आत्ताच बघा. दुकानातल्या पाटीवर केलं तसंच साबणाचं फडकं घेतलं आणि रुबाबात भिंतीवर फिरवलं. पहिल्या हाताला तेल गेलं. दुसऱ्या हाताला फडकं पांढरं झालं. तिसऱ्या हाताला तळहाताएवढ्या जागेतून रंग निघाला आणि प्रायमर दिसायला लागला.

सासूबाईंनी फडकं माझ्या हातून घेतलं, उलटं-सुलटं केलं आणि म्हणाल्या, "धुतला जातो म्हनली ते खरंय. अख्खा धुतला."

मला वाटलं जमीन दुभंगावी. नवऱ्यानं त्या दिवशी मठ्ठ्याचं नावही काढलं नाही, यावरूनच प्रकरण किती गंभीर होतं ते समजावं. मी टेप लावली, उजेड पाडून बघितलं, काही कळेना. पेंटरचं काम चोख होतं, ते मीच पास केलं होतं. रंगही तोच, पाटीवर मीच निवडलेला. मग चुकलं कुठं? शेवटी ज्या माणसाला रिजेक्ट केलं होतं त्यालाच फोन करावा लागला. तो फोन लावताना माझा आवाज किती गोड झाला होता ते आठवलं की आजही लाज वाटते.

काका स्कूटरवरून आले. भिंतीकडं बघितलं, फडक्याकडं बघितलं, मग खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसायच्या निमित्तानं हसून घेतलं. म्हणाले, "ताई, हाऊ भट्टीना रंग नही शे."

हा भट्टीतला रंग नाही, एवढ्या एका वाक्यात मला सगळं समजलं. आमच्याकडचा डबा भट्टीतून निघाला की पक्का. गार झाला की लगेच घासा, ओरबाडा, त्याला फरक पडत नाही. तेवीस वर्षं माझ्या हाताला तीच सवय. भिंतीला कुठली भट्टी? भिंतीचा रंग हाताला तासाभरात कोरडा लागतो, पण आतून घट्ट व्हायला त्याला तीन-चार आठवडे लागतात. दुकानातली पाटी कित्येक महिन्यांची जुनी होती, म्हणून तिनं माझी फोडणी सोसली. आमची भिंत तीन दिवसांची बाळंतीण, आणि मी तिला धुणं धुवायला बसवलं. काकांनी उरलेल्या रंगातून दोन हात मारून ती जागा भरून दिली. मॅट रंगाचं हे एक बरं, जोड दिसत नाही. जाताना त्यांनी बजावलं, महिनाभर भिंतीला पाणी लावायचं नाही, डाग पडला तर कोरड्या फडक्यानं नुसता टिपायचा. मी मान खाली घालून हो म्हटलं. सासूबाई हे सगळं ऐकत होत्या.

मग तो महिना. मी कामावर जाताना ओट्यामागं जुनं वर्तमानपत्र लावून जायची आणि परत आल्यावर आधी भिंत बघायची, मग चप्पल काढायची. गंमत म्हणजे सासूबाईंनी पैजेचा गैरफायदा घेतला नाही. उलट फोडणी घालताना त्या कढईवर झाकण आडवं धरायच्या. मी एकदा बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, महिना म्हंजे महिना, परीक्षेच्या आधी पेपर फोडायचा नाय. त्यांच्या या न्यायाचा मला तेव्हा फार आधार वाटला, आणि भीतीही वाटली, कारण परीक्षेच्या दिवशीही त्या इतक्याच काटेकोर राहणार होत्या.

आखाजीला नणंद दिंडोरीहून आली. वर्तमानपत्र मी स्वतः काढून टाकलं. सकाळपासून पुरण शिजलं, कुरडया तळल्या, भजी तळली, साराला फोडणी बसली तेव्हा तर मोहरी छतापर्यंत उडाली असेल. घागर पुजून झाली, नैवेद्य झाला, जेवणं झाली. ओट्यामागची भिंत बघवत नव्हती. तेलाचे शिंतोडे, साराचे लाल थेंब, आणि नणंदेनं पुरणाचा हात जिथं टेकवला होता तिथं चार पिवळी बोटं.

मी फडकं भिजवलं. सासूबाईंनी हात पुढं केला आणि म्हणाल्या, इकडं दे. तू हलक्या हातानं पुसशील.

त्यांनी पदर खोचला आणि सुरुवात केली. त्यांच्या हाताची ताकद मला माहीत आहे, भाकरी थापणारा हात तो. वरून खाली, ओळीत, एक पट्टा झाला की दुसरा. नवरा मोबाइल बघत असल्याचं सोंग करत होता. तेल गेलं. साराचे थेंब गेले. फडकं पिळल्यावर बादलीत लाल-पिवळं पाणी उतरलं, पांढरं नाही. पिवळ्या बोटांपाशी त्या थांबल्या, पुन्हा साबण घेतला, पुन्हा पुसलं. झाक राहिली. त्यांनी डोळे बारीक करून ती झाक बघितली, मग खिडकीकडं बघितलं आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या की ही हळद हाय, हिला फडकं नाय, ऊन लागतं. सकाळचं ऊन हितं येतं, दोन दिवसांत उडंल. हे मला कुठल्याही टेपनं सांगितलं नसतं.

मग त्यांनी माझ्यासारखीच मान तिरकी केली, खिडकीच्या उजेडात सगळी भिंत एका नजरेत घेतली आणि तळहात फिरवून बघितला. हे त्या कधी शिकल्या, मला माहीत नाही. फडकं बादलीत टाकून त्या पाटावर बसल्या. निकाल काही सांगितला नाही. कौतुक करायची त्यांची पद्धतच नाही, म्हणून मी भांडी आवरायला लागले.

नणंदेचं दिंडोरीला नवं घर होत आलं होतं. ती माझ्या नवऱ्याला सांगत होती की प्लास्टर वाळलं, गुरुवारी पेंटर येतोय, स्वयंपाकघराला ऑइलपेंटच सांगितलाय. नवरा म्हणाला, बरंय, तोच टिकतो. तो इतक्या वर्षांच्या सवयीनं बोलून गेला.

"गुरवारी नाय," सासूबाई म्हणाल्या. "पेंटरला थांबव. रंगाचं पैलं हिला इचारायचं. भिंत बघून ही व्हय म्हनंल तवाच डबा उघडायचा, आन नाय म्हनली तर नाय."

नणंद माझ्याकडं बघायला लागली. माझे हात खरकट्या पातेल्यात होते आणि मला एकदम खूप अभिमान वाटला, इतका की मागं वळून बघायचं धाडस होईना. नणंदेनं विचारलं, मग कधी बोलावू त्याला? मी उत्तर देणार, तेवढ्यात सासूबाईंनीच सांगून टाकलं.

"रविवारी. हिला रविवारी सुट्टी असती."